ॲडफात बीए आणि संशोधन: ऑस्ट्रेलियातल्या मराठी मुलांसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

बारावीत चमकलेलं पोर घरी येऊन ‘मी सैन्यात जाणार’ म्हणालं, तर मराठी घरात एक धक्का बसतो. ‘आणि तिथं इतिहास शिकणार’ म्हणालं, तर दुसरा. पहिला हळूहळू ओसरतो. घरात नाही तर गावात तरी कुणी ना कुणी फौजेत असतंच. दुसरा मात्र मुक्काम ठोकतो. एवढे मार्क पडले आणि बीए?

मी सातवीत सांगलीहून सिडनीला आले. पुढे कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन डिफेन्स फोर्स अकादमीत, म्हणजे ज्याला सगळे ‘ॲडफा’ म्हणतात तिथं, इतिहास घेऊन बीए केलं आणि चौथ्या वर्षी ऑनर्सचा प्रबंध लिहिला. या वाटेवर माहिती मिळते, पण तुकड्यातुकड्यात: भरतीवाले सैन्याचं सांगतात, विद्यापीठवाले पदवीचं, आणि आपल्या घरातून उठणारे प्रश्न दोघांनाही माहीत नसतात. ते सगळं इथं एका जागी मांडते.

आधी रचना समजून घ्या. ॲडफा १९८६ साली सुरू झाली. नौदल, भूदल आणि हवाई दल अशा तिन्ही दलांचे होणारे अधिकारी इथं एकत्र शिकतात. नौदलाच्या मुलांना मिडशिपमन म्हणतात, बाकीच्यांना ऑफिसर कॅडेट. लष्करी प्रशिक्षण अकादमीचं, पण पदवी न्यू साउथ वेल्स विद्यापीठाची; खडकवासल्याच्या एनडीएत जेएनयूची पदवी मिळते, तसंच. बीए तीन वर्षांचं. इतिहास, आंतरराष्ट्रीय आणि राजकीय अभ्यास, इंग्रजी आणि माध्यमं, भूगोल असे मुख्य विषय घेता येतात.

या बीएतून संशोधनाकडे जायला दोन दारं आहेत. एक प्रवेशाच्या वेळचं: फार चांगले गुण असलेल्यांसाठी ‘चीफ ऑफ डिफेन्स फोर्स स्टुडंट्स प्रोग्राम’ आहे. त्यात प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन प्रकल्प करायला मिळतो आणि अभ्यासक्रम थोडा आपल्या कलानं आखता येतो. दुसरं दार ऑनर्सचं, म्हणजे तीन वर्षांनंतर प्रबंधासाठी घ्यायच्या एका जादा वर्षाचं. पहिलं हुकलं तरी दुसरं उघडं असतं, त्यामुळे बारावीच्या निकालावर रडारड करू नका.

सैन्याला इतिहास शिकलेला अधिकारी कशाला हवा, असं आजोबा विचारतील. त्यांना सांगा की अधिकाऱ्याचा बराचसा दिवस अपुऱ्या आणि एकमेकांशी न जुळणाऱ्या कागदांवरून काय घडलं असेल हे ठरवण्यात, आणि ते वरच्याला दोन पानांत लिहून देण्यात जातो. इतिहासाचा विद्यार्थी तीन वर्षं नेमकं हेच करत असतो.

१. नागरिकत्वाचं आधी बघा

ॲडफासाठी ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व लागतं. भारतीय पासपोर्ट आणि कायम वास्तव्याचा व्हिसा एवढ्यावर भागत नाही. इथं आपल्या घरांमध्ये एक नेहमीचा घोळ होतो. आईबाबा नागरिकत्वाचा अर्ज ‘करू निवांत’ म्हणत पुढे ढकलतात. मूल १५ वर्षांचं किंवा त्याहून लहान असेल, तर ते आईबाबांच्या अर्जात बसतं. सोळावं लागलं की त्याला स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि वास्तव्याच्या अटीही स्वतःच्या नावावर पुऱ्या कराव्या लागतात. सर्वसाधारण अट चार वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याची, त्यातलं शेवटचं वर्ष कायम रहिवासी म्हणून. अर्ज, परीक्षा, समारंभ यात बराच काळ जातो. मूल नववीत असतानाच हिशेब मांडा.

नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं आणि भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते: परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं कार्ड मिळत नाही, असं भारत सरकारचे नियम सांगतात. म्हणजे आजीला भेटायला, लग्नकार्याला भारतात जाताना तुम्हाला इतर चुलत भावंडांसारखं नुसतं कार्ड दाखवून जाता येईल असं धरू नका. आधीच कार्ड असेल, तर भरतीच्या आधी वाणिज्य दूतावासाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. हा निर्णय घरात सगळ्यांनी बसून घ्यायचा आहे. नंतर कळून उपयोग नाही.

२. कागद जमवा, आणि नावं जुळतात का ते तपासा

यादी अशी:

- नागरिकत्वाचा दाखला आणि ऑस्ट्रेलियन पासपोर्ट
- जन्मदाखला, ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा मराठीतला असेल तर ‘नाटी’ची (भाषांतरकारांना प्रमाणित करणारी ऑस्ट्रेलियातली संस्था) मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून केलेलं इंग्रजी भाषांतर
- अकरावी-बारावीचे निकाल, आणि भारतात शिकला असाल तर तिथल्या शाळेचे दाखले
- लसीकरणाची नोंद. भारतात घेतलेल्या लसी इथल्या राष्ट्रीय नोंदवहीत डॉक्टरांकडून चढवून घ्या
- चष्मा, दमा, ॲलर्जी, जुनी शस्त्रक्रिया, मोडलेलं हाड यांचे वैद्यकीय कागद
- गेल्या १० वर्षांतले सगळे पत्ते आणि परदेशवाऱ्या, तारखांसह
- शाळेत, खेळात, स्वयंसेवी कामात घेतलेल्या जबाबदाऱ्यांचे पुरावे

यातला सगळ्यात त्रासाचा प्रकार नावाचा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागतं; एका कागदावर ते असतं, दुसऱ्यावर गायब. आडनावाचं स्पेलिंग शाळेत एक आणि पासपोर्टवर दुसरं. आईचं माहेरचं नाव कुठे, सासरचं कुठे. सुरक्षा पडताळणी करणाऱ्यांना ही पद्धत माहीत असेलच असं नाही. एका पानाचं साधं टिपण करा: कुठल्या कागदावर कोणतं नाव आहे, का आहे, आणि त्याला आधार काय.

पडताळणीच्या अर्जात भारतातले नातेवाईक आणि त्यांच्याशी असलेला संपर्कही विचारतात. काका भारतीय लष्करात सुभेदार असतील तर तेही लिहा. लपवण्यासारखं त्यात काही नाही. लपवलं तर मात्र आहे. प्रत्येक वारीच्या तारखा आठवत नसतील, तर जुन्या पासपोर्टांचे शिक्के आणि विमान कंपन्यांचे ईमेल काढून बसा. भारतीय पासपोर्ट जमा करण्याआधी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला असेल, तर हे काम एका दुपारचं.

३. दोन अर्ज, एक नव्हे

सैन्याचा अर्ज वेगळा आणि विद्यापीठाचा वेगळा. एकीकडे हो आलं म्हणजे दुसरीकडे आपसूक होतं, असं नाही. सैन्याच्या बाजूला आधी क्षमता चाचणी आणि मुलाखत, मग वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी, शारीरिक चाचणी आणि शेवटी अधिकारी निवड मंडळ. शारीरिक चाचणीत जोर, सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम आणि बीप टेस्ट, म्हणजे बीपच्या ठोक्यावर ये-जा धावण्याची चाचणी असते. प्रत्येक दलाचे आकडे वेगळे. धावण्याचा सराव वर्षभर आधी सुरू करा. पुस्तकी मुलं इथं अडकतात, आणि हा लेख वाचणारी बहुतेक पुस्तकीच असणार.

निवड मंडळ भारतीय सैन्याच्या एसएसबी निवड चाचणीसारखं पाच दिवसांचं नसतं, पण गाभा तोच: गटात काम कसं करता, अडचण आली तर काय सुचतं, आणि सैन्यातच का यायचंय. ‘मला संशोधन करायचंय’ हे उत्तर प्रामाणिक असलं तरी अपुरं आहे. ते तुम्हाला आधी अधिकारी म्हणून निवडत आहेत. पायदळाच्या तुकडीचं नेतृत्व करायची इच्छा नसेल आणि फक्त पगारी पदवी हवी असेल, तर सिडनीतलं किंवा कॅनबेरातलं एखादं नागरी विद्यापीठ तुमच्यासाठी कितीतरी बरं. मी हे खोचकपणे म्हणत नाही. तीन वर्षं पहाटे उठून ज्याला चीड येते, त्याच्या हातून प्रबंधही धड होत नाही.

एटीएआर, म्हणजे बारावीनंतर विद्यापीठ प्रवेशासाठी मिळणारा आकडा, हा टक्के नव्हे, क्रमवारी आहे, हे गावी फोन करणाऱ्या आत्याला समजावून सांगा. वर सांगितलेल्या चीफ ऑफ डिफेन्स फोर्सच्या कार्यक्रमासाठी हा आकडा फार वरचा लागतो. त्या वर्षाच्या अटी विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून लेखी घ्या.

पैशाचं थोडक्यात: शिकत असताना पगार मिळतो, पदवीचं कर्ज डोक्यावर राहत नाही, औषधोपचार सैन्याकडे. बदल्यात ठरावीक वर्षं सेवेचं बंधन, ज्याला सगळे ‘रोसो’ म्हणतात. सही करण्याआधी तो करार आईबाबांनीही वाचावा.

४. पहिल्या वर्षी गुण सांभाळा, बाकी काही नाही

इथं सरासरीला ‘वॅम’ म्हणतात. प्रत्येक विषयाचे गुण त्याच्या श्रेयांकांच्या वजनानं मोजून ती काढतात. नेहमीचा विषय ६ श्रेयांकांचा. तीन वर्षांत १४४ श्रेयांक. ८५ पासून हाय डिस्टिंक्शन, ७५ पासून डिस्टिंक्शन, ६५ पासून क्रेडिट, ५० ला पास. महाराष्ट्र बोर्डाच्या ९५ टक्क्यांची सवय असलेल्यांना पहिल्या निबंधावर ६८ बघून घाम फुटतो. ६८ वाईट नाहीत. पण संशोधनाकडे जायचं असेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत ७५ च्या वर स्थिरावायला हवं.

खरी अडचण अशी की पहिल्या वर्षी अभ्यासाला वेळच सापडत नाही. परेड, खोल्यांची तपासणी, शस्त्रं, खेळ, आणि या सगळ्यात झोप. कॅडेटांमध्ये ‘पास झालं की पुरे’ अशी एक हवाही असते, आणि ती मोठी संसर्गजन्य आहे. पदवी कुठल्याही गुणांनी मिळाली तरी खांद्यावर तेवढेच तारे लागतात, हा त्यांचा मुद्दा खोटा नाही. फक्त तो तुमच्या उपयोगाचा नाही.

निबंधाला कमी गुण का पडतात, याचं माझ्या पाहण्यातलं एक कारण आपल्या शाळांशी जोडलेलं आहे. आपण माहिती भरतो. इथं बाजू मांडायची असते. पहिल्याच परिच्छेदात ‘माझं म्हणणं असं’ हे आलं नाही, तर पुढचे दोन हजार शब्द कितीही अचूक असले तरी क्रेडिटच्या वर जात नाहीत.

५. प्रश्न निवडा: ज्याचे कागद कॅनबेरात आहेत असा

सगळ्या लेखात मला मनापासून काही सांगायचं असेल तर ते हे. विषय आवडीवर ठरवू नका. कागद कुठे आहेत त्यावर ठरवा. कॅडेटला लंडनला जाऊन महिना घालवता येत नाही. हातात असतो तो एखादा मोकळा बुधवार आणि सायकल. सुदैवानं कॅनबेरासारखं शहर या कामाला दुसरं सापडणं कठीण. वॉर मेमोरियल आणि त्याचा संशोधन कक्ष अकादमीच्या उपनगरातच, कॅम्पबेलमध्ये आहे. राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय अभिलेखागार तळ्याच्या पलीकडे. अकादमीच्या स्वतःच्या ग्रंथालयात ऑस्ट्रेलियन लेखकांच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, आणि इंग्रजी घेतलेल्यांनी तो सोडून दुसरीकडे बघूच नये.

प्रश्न कसा आवळत न्यायचा, याचं एक उदाहरण घेऊ. मराठी मुलांना हमखास सुचणारा विषय ‘पहिल्या महायुद्धातले भारतीय सैनिक’. हा प्रश्नच नाही, हे कपाट आहे. जरा आवळला तर ‘कूतच्या वेढ्यातले मराठे’. हा खरा आणि मोठा विषय आहे: मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं तेव्हा हजारो भारतीय सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. पण त्या पलटणींच्या रोजनिश्या लंडनमध्ये क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, बाकीचे कागद ब्रिटिश लायब्ररीत आणि दिल्लीत. कॅडेटच्या आवाक्याबाहेर.

आता त्याच रणांगणावर ऑस्ट्रेलियन कोण होतं ते बघा. १९१५ च्या एप्रिलमध्ये, भारत सरकारनं मागणी केल्यावरून, ऑस्ट्रेलियानं वैमानिक आणि यांत्रिकांची एक छोटी तुकडी बसऱ्याला पाठवली: ऑस्ट्रेलियन हाफ फ्लाइट, प्रमुख हेन्री पीटर. जुलैमध्ये जॉर्ज मर्झ मारला गेला, तो लढाईत मेलेला पहिला ऑस्ट्रेलियन वैमानिक. नोव्हेंबरमध्ये बगदादजवळ तारा तोडायला उतरलेला थॉमस व्हाइट पकडला गेला. तुकडीतले काही यांत्रिक कूतमध्ये पूना डिव्हिजनसोबत अडकले आणि तिच्यासोबतच कैदेत गेले. म्हणजे प्रश्न असा होऊ शकतो: हाफ फ्लाइटच्या माणसांनी आपल्या बाजूच्या भारतीय सैनिकांविषयी काय लिहिलं, आणि काय लिहिलं नाही? याचे कागद शोधायला कॅनबेरात सुरुवात करता येते. मराठा पलटणी प्रबंधात येतात, पण तुम्ही वाचू शकाल त्या कागदांतून येतात.

दुसरं उदाहरण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावर आपल्याकडे फारसं बोललंच जात नाही. सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी हजारो भारतीय युद्धकैद्यांना न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला नेलं. १९४५ मध्ये वाचलेल्यांची सुटका केली ती ऑस्ट्रेलियन सैन्यानं. त्यांचे फोटो वॉर मेमोरियलच्या संग्रहात आहेत. नंतर न्यू ब्रिटनवरच्या रबौलला ऑस्ट्रेलियानं चालवलेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत भारतीय कैद्यांवरच्या अत्याचारांची प्रकरणं आली. ते खटले राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ए४७१ या मालिकेत आहेत. साक्षी वाचताना रात्री झोप लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

टाळावे असे दोन प्रकार. एक, भारतातच कागद असलेले विषय. असईची लढाई, २३ सप्टेंबर १८०३, हा कुणालाही मोह पडावा असा विषय. इंग्रज सेनापती वेलस्लीची छापील पत्रं इथं बसून वाचता येतात. पण शिंद्यांची बाजू पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि मोडी लिपीत. एकाच बाजूच्या कागदांवर लढाईचा इतिहास लिहाल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील. मोडी येत असेल आणि सुट्टीत पुण्याला जाता येणार असेल, तर गोष्ट वेगळी. मग मार्गदर्शकाला विचारा की तुमचं भाषांतर तपासणार कोण. दुसरा प्रकार म्हणजे चालू घडामोडी. क्वाड, हिंद-प्रशांत, भारत-ऑस्ट्रेलिया संरक्षण संबंध. राज्यशास्त्रवाल्यांची इथं रांग लागते. उघड कागद थोडे, भाषणं ढीगभर, आणि प्रबंध अर्धा झाला की कुणीतरी मंत्री बदलतो.

६. मार्गदर्शक धरा, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत

प्राध्यापकांना इथं नावानं हाक मारतात. ‘सर’ हा शब्द गणवेशातल्या वरिष्ठांसाठी राखून ठेवा. आपल्याला सुरुवातीला जीभ रेटत नाही, पण सवय होते.

नुसतं ‘मला तुमच्या हाताखाली काम करायचंय’ असं लिहू नका. एका पानात प्रश्न, तीन-चार वाचलेली पुस्तकं, आणि कुठले कागद बघणार ते लिहा. नावाजलेल्या माणसामागे धावण्यापेक्षा दोन गोष्टी तपासा: ते तुमच्या चौथ्या वर्षी रजेवर तर जात नाहीत ना, आणि आधीच्या विद्यार्थ्यांची प्रकरणं किती दिवसांत वाचून परत देतात. दुसरी माहिती फक्त आधीच्या विद्यार्थ्यांकडूनच मिळते.

७. परवानग्या

इथं नागरी विद्यार्थ्यांपेक्षा आपली वाट वेगळी आहे.

जिवंत माणसांना प्रश्न विचारायचे असतील तर नीतिसमितीची मंजुरी लागते. सेवेतले सैनिक किंवा माजी सैनिक असतील तर संरक्षण आणि माजी सैनिक खात्यांची स्वतःची मानवी संशोधन नीतिसमिती आहे. ते काम महिन्यांचं आहे, आठवड्यांचं नाही. एका वर्षाच्या ऑनर्समध्ये हे बसवणं फार अवघड. ‘माझ्या प्लॅटूनमधल्या दहा जणांशी गप्पा मारीन’ हेही यात येतं. पुण्यातल्या निवृत्त मेजर आजोबांची मुलाखतसुद्धा.

गुप्त किंवा मर्यादित वर्गातलं काहीही, तुम्हाला बघण्याचा अधिकार असला तरी, प्रबंधात आणायचं नाही. अशी माहिती विद्यापीठाच्या संगणकावर किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवायची नाही. आणि बाहेर छापायचं असेल, वर्तमानपत्रात लेख असेल किंवा परिषदेत निबंध, तर आधी आपल्या दलाची परवानगी. मराठी मंडळाच्या दिवाळी अंकालाही हाच नियम लागू, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

८. दप्तरखान्यात जाण्यापूर्वी

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या शोधयंत्रावर प्रत्येक फायलीसमोर तिची स्थिती लिहिलेली असते: खुली, काही भाग वगळून खुली, बंद, किंवा अजून तपासलेली नाही. शेवटच्या प्रकारातली फाइल मागितली की ती तपासायला घेतात आणि त्यात अर्धं वर्षही सहज जातं. म्हणून तिसऱ्या वर्षातच मागण्या नोंदवा. पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या सेवानोंदी मात्र बी२४५५ मालिकेत घरबसल्या फुकट वाचता येतात. वॉर मेमोरियलकडच्या त्या युद्धातल्या पलटणींच्या रोजनिश्या, म्हणजे एडब्ल्यूएम४, त्याही ऑनलाइन आहेत.

जुनी वर्तमानपत्रं राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संकेतस्थळावर. तिथं शोधताना त्या काळचं स्पेलिंग टाका: मराठा या शब्दात ‘एच’ अक्षर ‘आर’च्या आधी यायचं आणि ‘टी’ दोन असायचे. आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर काही नाही असं वाटेल.

वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटो काढायला बहुतेक ठिकाणी परवानगी मिळते. फायलीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्रत्येक फोटोत दिसेल अशी ठेवा. संदर्भ ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर पुरेसं आहे आणि फुकट आहे. मागणी आदल्या दिवशीच नोंदवा, कारण सगळ्या पेट्या त्याच इमारतीत नसतात.

९. ऑनर्सचा अर्ज

ऑनर्स म्हणजे एक पूर्ण वर्ष, ४८ श्रेयांक, थोडे वर्ग आणि साधारण १५ ते २० हजार शब्दांचा प्रबंध. विद्यापीठाची मान्यता गुणांवर आणि प्रस्तावावर. पण तेवढं पुरत नाही, तुमच्या दलानंही एक वर्ष सोडायला हवं. दलाला माणसं हवी असतील तर उत्तर नाही येऊ शकतं. म्हणून विभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे अकादमीत तुमच्या गटावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाच्या कानावर ही गोष्ट दुसऱ्या वर्षातच घाला. अर्जाच्या आठवड्यात घालू नका.

भूदलातल्यांचा हिशेब जास्त दुखरा असतो. ॲडफानंतर त्यांना शेजारच्या डंट्रूनच्या भूदल अधिकारी प्रशिक्षण कॉलेजात वर्षभर जावं लागतं, तेव्हाच लेफ्टनंट होता येतं. ऑनर्स घेतलं तर तुमचे वर्गमित्र तारे लावून पलटणीत जातात आणि तुम्ही अजून ग्रंथालयात. शिवाय अभ्यासाचं वर्ष वाढलं की रोसोही वाढतो. घरी विचारतील, ‘मग फायदा काय?’ ८५ च्या वर गुण मिळून प्रथम वर्ग मिळाला तर ऑस्ट्रेलियात एमए न करता थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आणि शिष्यवृत्तीच्या स्पर्धेत तो वर्गच मोजला जातो. पण पीएचडी लगेच मिळणार नाही. आधी पलटण, मग बरीच वर्षं नोकरी, मग परवानगी मागून अर्धवेळ. ज्यांना विशीतच प्राध्यापक व्हायचंय त्यांची ही वाट नव्हे.

दलानं नकार दिला, तर तीन वर्षांची पदवी घेऊन सेवेत जा आणि पुढे नोकरीत असताना पदव्युत्तर शिक्षणाकडे वळा. तोपर्यंत प्रश्नाची वही आणि काढलेले फोटो सांभाळून ठेवा. अभिलेखागारातली मागणी तुमच्या नावावर मंजूर झालेली असेल तर ती फाइल खुली होते आणि खुलीच राहते.

१०. त्या वर्षाचं वेळापत्रक

‘सुट्टीत करीन’ हे वाक्य विसरा. सत्रांच्या मधल्या सुट्ट्यांत लष्करी प्रशिक्षण असतं, आणि पावसात बुशमास्टर या चिलखती गाडीच्या मागच्या बाकावर बसून तळटिपा लिहिता येत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल कागद गोळा करा. मे-जूनमध्ये एक प्रकरण लिहून मार्गदर्शकाला द्या, ते कितीही कच्चं असो. जुलै-ऑगस्टमध्ये बाकीची. सप्टेंबरमध्ये पूर्ण मसुदा हातात हवा, कारण त्यानंतर पदवीदान परेडचा सराव, गणवेशाची मापं, पुढच्या नेमणुकीचे कागद हे सगळं एकदम अंगावर येतं.

जूनमध्ये कॅनबेराचं तापमान पहाटे शून्याखाली जातं आणि वाचनकक्षापर्यंतचं सायकलिंग जिवावर येतं. हातमोजे घ्या, चांगल्यातले.

आठवड्यातून एक सलग दुपार तुमच्या नावावर कोरी मिळते का, ते सत्राच्या पहिल्याच आठवड्यात विभागीय अधिकाऱ्याशी बोलून ठरवा आणि त्याची नोंद लेखी ठेवा. तोंडी ठरलेली दुपार पहिल्या अचानक तपासणीला जाते. प्रबंध सादर करण्याच्या दोन आठवडे आधी दलाच्या परवानगीसाठी प्रत पाठवा, म्हणजे कुणाला काही खटकलं तर दुरुस्तीला वेळ राहील.